रणात चाललेत म्हणे!

ऐकलंत का? बी विंगच्या चौथ्या मजल्यावरचेही चालले. हो, तिकडेच. कच्छच्या रणात, आणि तेही स्वतः गाडी चालवत! मुलुंड पूर्वेहून पश्चिमेला जायचं तर "पुलावर अडकू" म्हणून रिक्षा करणारे हे गृहस्थ. ते आता साडेआठशे किलोमीटर गाडी हाकत भुजला जाणार, भुजहून खावड्याला, आणि खावड्याहून त्या सुप्रसिद्ध रस्त्यानं धोळावीरेला. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर पांढरंशुभ्र मीठ आणि मधून डांबराची सरळ रेघ. 'रोड टू हेवन' म्हणतात त्याला. इकडे मुलुंडात कुणी स्वर्गाच्या वाटेला लागलं की आपण पांढरे कपडे घालून भेटायला जातो; यांनी पेढे वाटले.

ही साथ सोसायटीत आणली सी विंगच्या डॉक्टरांनी. ते गेल्या डिसेंबरात जाऊन आले आणि रस्त्याच्या मधोमध मांडी घालून बसल्याचा फोटो ग्रुपवर टाकला. पाठोपाठ तळमजल्यावरचे क्लासवाले सर दिवाळीच्या सुट्टीत धावले. त्यांना कोणी सांगितलं नाही की पावसाळ्यात हे रण पाण्याखाली असतं, आणि ते पाणी ओसरून मीठ पांढरं धरायला डिसेंबर उजाडतो. सरांना दोन्ही बाजूंना निळंशार पाणी दिसलं. दृश्य देखणं होतं, वादच नाही, पण वाळवंट म्हणून गेलेला माणूस समुद्राचे फोटो घेऊन परतला तर सोसायटीनं काय समजायचं? अजून त्यांना लिफ्टमध्ये "काय सर, दमणला गेला होतात ना?" असं विचारतात. लोक फार वाईट असतात हो.

पण चौथ्या मजल्याची गोष्टच वेगळी. त्यांची तयारी गणपती उठले तेव्हापासून चालू आहे आणि तिचा इत्थंभूत अहवाल वॉचमनकडे आहे, कारण सगळे खोके त्याच्याच टेबलावर उतरतात. आधी आला टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप. मग ट्यूबलेसचं पंक्चर किट, जंप स्टार्टर, ओढायचा पट्टा. मग दोन कॅमेऱ्यांचा डॅशकॅम, एक पुढचा रस्ता दाखवायला आणि दुसरा, वॉचमनच्या मते, वहिनींवर लक्ष ठेवायला. मग गाडीतला फ्रिज. मग घडीचं फावडं. मग त्या नारिंगी रंगाच्या दातेरी पाट्या, चाक वाळूत रुतलं तर खाली घालायच्या. मग दोन रिकामे जेरी कॅन, ज्यांत कुठलाही पंपवाला सुखासुखी पेट्रोल ओतून देणार नाही हे त्यांना कॅन आल्यावर कळलं. आता त्यांत पाणी नेणार आहेत. उरलेलं किरकोळ सामान ते शनिवारी कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन पिशवी भरून आणतात आणि वहिनींना सांगतात, स्वस्तात मिळालं.

हे सगळं डिकीत मावेना म्हणून टपावर लोखंडी कॅरिअर बसवलं. कॅरिअर बसल्यावर गाडी उंच झाली आणि स्टिल्ट पार्किंगच्या बीमला थटायला लागली. म्हणून गाडी कुठे? व्हिजिटर पार्किंगमध्ये! इतके आठवडे! माझ्या मावसबहिणीला परवा गाडी रस्त्यावर लावावी लागली आणि ती टो झाली, ते सोडा. पण रोज संध्याकाळी तिथे जी गर्दी जमते ती बघाल तर थक्क व्हाल. हे गृहस्थ कॅरिअरवर चढून ताडपत्री बांधायचा सराव करतात आणि खाली आठ-दहा पुरुष हात मागे बांधून सूचना देतात. ज्या माणसांनी घरात कधी माळ्यावरची बॅग काढून दिलेली नाही, ती "दोरीला अजून एक पीळ द्या" म्हणून सांगत असतात.

गाडी कुठली, हे विचारू नका. थारच. नाव वाळवंटाचं, जन्म नाशिकच्या कारखान्यातला आणि मुक्काम मुलुंडच्या स्पीडब्रेकरवर. २०२० च्या २ ऑक्टोबरला ही नव्या रूपातली थार आली आणि तेव्हापासून अंधेरी ते बोरिवली, घाटकोपर ते मुलुंड, ज्या गल्लीत दोन स्कूटर एकमेकींना ओलांडू शकत नाहीत त्या गल्लीत ती उभी असते. चार चाकांना जोर मिळण्याचा जो दांडा तिच्यात आहे, तो यांनी आजवर एकदाच ओढला, गणपती विसर्जनाच्या दिवशी, आणि तोही चुकून.

आता गंमत पुढे आहे. यांच्या समोरच्याच दारात कच्छी कुटुंब राहतं. मुलुंड आणि घाटकोपर म्हणजे निम्मं कच्छच की हो! भानुशाली, लोहाणा, ओसवाल. किराणा, कापड, हार्डवेअर, सगळी दुकानं त्यांची. समोरच्या बांचं गाव रापरजवळ, म्हणजे ज्या धोळावीरेसाठी हे जेरी कॅन घेताहेत, त्याच बाजूला! बा दर वर्षी गावी जातात. तयारी? डब्यात ठेपले, बरणीत छुंदा, एक शाल. कच्छ एक्स्प्रेस नाहीतर सयाजीनगरी पकडायची आणि सकाळी उतरायचं. बोरिवलीलाही थांबते गाडी. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावरही गेल्या. त्या परवा लिफ्टपाशी उभ्या राहून ते फावडं निरखत होत्या. मला हळूच विचारलं, "भाई तिकडे शेती घेतली काय?"

मी हसू कसं आवरलं माझं मला ठाऊक. पण प्रश्न बिनतोड होता. कारण, आता हे चौथ्या मजल्यावर सांगायला जाऊ नका, मोठ्या रणात वाळू नाहीच! वाळूच्या टेकड्या हव्या असतील तर जैसलमेरला, समला जा, तिथे टायरची हवा कमी करून गाडी हाकतात. हवा कमी केली की टायर पसरतो आणि रुतत नाही. इथे वर मिठाचं कवच आणि खाली चिखल. कवच माणसाचं वजन पेलतं, जागा चांगली असली तर उंटाचंही पेलेल, पण दोन टनांची गाडी फोटोसाठी डांबरावरून खाली उतरवलीत की पापड फुटावा तसा आवाज येतो आणि चाकं आत. मग फावड्यानं काय उपसणार, चिखल? नारिंगी पाट्याही त्याच चिखलात जाणार. तेव्हा उपाय एकच: डांबर सोडायचं नाही. या उपायाचा खोका येत नाही, म्हणून त्याची चर्चा व्हिजिटर पार्किंगमध्ये झाली नाही. क्लासवाल्या सरांनी तर कंपाउंडमध्ये चारही टायरची हवा सोडून प्रात्यक्षिक दाखवलं. भरायला गेले तर पंप गरम होऊन बंद. गाडी तीन दिवस जिन्यापाशी बसून होती.

आणि तो रस्ता आहे किती लांब? मीठ ओलांडणारा मुख्य पट्टा सुमारे ३० किलोमीटर. न थांबता गेलात तर अर्धा तास. पूर्वी भुजहून धोळावीरेला जायला भचाऊ-रापरवरून भला मोठा वळसा पडायचा. घडुली-सांतलपूर रस्त्याचा हा तुकडा रणातून काढला आणि तो वळसा वाचला. अर्ध्या तासाच्या रस्त्यासाठी तीन महिने तयारी! लग्नाला यांनी एवढा वेळ घेतला नव्हता. मुलगी बघितली आणि पंधरा दिवसांत साखरपुडा. वहिनींनीच सांगितलं.

बरं, निर्जन रस्ता म्हणून कवतिक, तर नाताळच्या सुट्टीत तिथे जाऊन बघा. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या, त्यांच्या टपांवर माणसं, मधल्या पांढऱ्या रेघेवर नवपरिणीत जोडपी आडवी आणि वर ड्रोन. शिवाय खावड्याजवळ ३० गिगावॉटचा अवाढव्य सौर आणि पवनऊर्जा प्रकल्प उभा राहतोय, त्याचे ट्रक वेगळे. एकांत हवा असेल तर पहाटे जावं लागतं. पहाटे उठणं हे मात्र यांच्या यादीत नाही. दूधवाल्याला दार वहिनी उघडतात.

खरं सांगू का, मुलुंडकराचं निर्जळ, निराधार, मदतशून्य वाळवंट घोडबंदर रोडवर आहे. माजिवड्याला शिरलात की गायमुखचा घाट, घाट संपला की फाउंटन हॉटेलपाशी कोंडी, मग वर्सोव्याचा पूल, पुढे महामार्ग. तिथे गाडी बंद ठेवून माणसं उतरतात, ओळखी करून घेतात, पोरांची लग्नं जमवतात. बोरिवलीकरांनी हसू नये. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून दहिसर आणि मुलुंडच्या नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला. टोल गेला, रांग जागच्या जागी आहे. गाडीतला तो फ्रिज, पाण्याचे कॅन, घडीची खुर्ची आणि डॉक्टरांनी आग्रहानं दिलेला तो फिरता संडास, या साऱ्याचा खरा उपयोग विरार फाट्याच्या अलीकडेच होणार आहे. निदान ते तरी नीट बांधा.

बांधण्यावरून आठवलं, आणि हे जरा आवाज खाली आणून सांगते. याच महामार्गावर चारोटीला, सूर्या नदीच्या पुलावर, ४ सप्टेंबर २०२२ ला सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. मागच्या सीटवर बसलेले दोघं गेले. त्यांनी पट्टे लावले नव्हते. त्यानंतर चार दिवस मागच्या पट्ट्यांची केवढी चर्चा झाली! चौथ्या मजल्यावर मी मुद्दाम डोकावून पाहिलं. मागच्या सीटचा पट्टा लावलेला आहे. फ्रिजला. शेजारी सासूबाई बसणार, त्यांचा पट्टा कव्हरखाली दडपलाय.

हो, सासूबाईही निघाल्यात! आधी ठाम नकार होता. "मीठ बघायला एवढ्या लांब? वसई-विरारकडे मिठागरं आहेत, भाईंदरला आहेत, आपल्या मुलुंड-भांडुपला आहेत," असं म्हणाल्या आणि त्यात चूक काय आहे? पण मग कोणीतरी काळ्या डुंगराचं सांगितलं. खावड्यापासून जवळच कच्छमधला हा सर्वांत उंच डोंगर, साधारण ४६० मीटरचा, आणि वर चक्क दत्ताचं देऊळ! आरतीनंतर पुजारी हाक घालतो आणि कोल्ही प्रसाद खायला येतात. भुकेल्या कोल्ह्यांना दत्तानं स्वतःचं अंग देऊ केलं, अशी तिथली कथा. सासूबाई दर गुरुवारी उपास करणाऱ्या. त्यांनी तत्क्षणी पिशवी भरली. आता कोल्ह्यांसाठी पेढे न्यावेत की गूळभात, यावर त्यांच्या भजनी मंडळात दोन तट पडलेत. चिरंजीवांना दत्तापेक्षा त्या डोंगराच्या उताराचं आकर्षण. तिथे म्हणे गाडी न्यूट्रलला टाकली की चढावर आपोआप जाते. नजरबंदी आहे ती, चढ वाटतो तो उतारच असतो. पण टपावर हे एवढं सामान घेऊन आपोआप कोण जाणार?

ए विंगनं मात्र यात पडायचं नाही असं ठरवलंय. ते लडाखवाले. त्यांच्या लेखी रण म्हणजे चौपाटी. "आमचं थंड वाळवंट," असं ते म्हणतात, जणू फ्रिजमधून काढून आणलंय. मनालीहून लेहला निघताना तांडीच्या पंपावरची ती पाटी, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, तिच्याशेजारी बुलेटला टेकून काढलेला फोटो एका घरात देवघराच्या वर लावलाय. प्राणवायूचे डबे, डोंगर चढायच्या गोळ्या, आणि हुंगायला कापूर-लवंगेची पुरचुंडी. तिथे प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं, ही एवढी एक कामाची गोष्ट, आणि नेमकी तीच गेल्या वर्षी सगळे विसरले. घरच्यांनी दोन दिवस देव पाण्यात घातले. लेहच्या हॉटेलातून फोन आला तेव्हा गृहिणीनं पहिलं विचारलं ते गॅसचं बुकिंग कुठल्या नंबरवरून करायचं.

पण चौथ्या मजल्यावर परत येऊ. यांच्या तयारीत काय नाही ते ऐका. स्वेटर नाहीत! वाळवंट म्हटल्यावर टोप्या, गॉगल, सनस्क्रीनच्या तीन बाटल्या, आणि अंगात घालायला पांढरे मलमलचे झब्बे. अहो, कच्छमधलं नलिया हिवाळ्यात गुजरातेतलं सर्वांत थंड ठिकाण म्हणून दर वर्षी बातम्यांत येतं. रणात रात्री वारा सुटला की दात वाजतात. बांची ती शाल उगाच नाही.

दुसरं, म्हशी. हसू नका. भुजहून खावड्याकडे जाताना बन्नीचा गवताळ मुलूख लागतो आणि तिथल्या बन्नी म्हशी रात्री चरायला जातात, पहाटे आपल्या आपण गोठ्याकडे परततात. काळा रस्ता, काळी रात्र, काळी म्हैस. डॅशकॅम त्या प्रसंगाचं चित्रण उत्तम करेल. अंधार पडल्यावर त्या रस्त्यानं जायचंच नाही, हे तिथला कुणीही सांगतो. पण यांचा बेत आहे की रात्री जाऊन चिर बत्ती बघायची. म्हणजे बन्नीत रात्री फिरणारे ते दिवे, भुताचे म्हणतात. चौथ्या मजल्यावर जिन्यातला दिवा गेला तर हे मोबाइल लावून उतरतात, ते भुताचे दिवे शोधणार!

तिसरं, टायरवर किती हवा हवी ते. दाराच्या खांबावर चिकटपट्टी असते, तिच्यावर भरलेल्या गाडीसाठी आकडा वेगळा दिलेला असतो, आणि तो सकाळी टायर थंड असताना बघायचा. एवढंच. पण हे मोजायला त्यांनी जे यंत्र घेतलंय त्यानं मोबाइलवर आलेख निघतो, आणि त्या आलेखावर ग्रुपमध्ये रात्री साडेअकरापर्यंत चर्चा चालते. चिकटपट्टी कुणी वाचलेली नाही. कॅरिअरखाली झाकली गेली म्हणावं तर तसंही नाही. ती दाराच्या आतच आहे.

आणि इंधन भुजला भरून घ्यायचं, पुढच्या पंपाच्या भरवशावर राहायचं नाही. धोर्डोचं पांढरं रण बघायचं तर परवाना काढायचा, भिरंडियाऱ्याला मिळतो, ओळखपत्र हाताशी ठेवायचं. भिरंडियाऱ्याचा मावाही घ्यायचा, तिथला नावाजलेला आहे. वहिनींना एवढंच पाठ आहे आणि सहल त्यांच्याच जिवावर पार पडणार. त्यांनी फ्रिजवर विश्वास न ठेवता दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, मेतकूट, आणि एक कुकर वेगळ्या पिशवीत बांधून पायाशी ठेवलाय. त्या पिशवीचा फोटो कुणी काढला नाही.

मला विचाराल तर रणाची तयारी कशी असते ते धोळावीरेला बघावं. साडेचार हजार वर्षांपूर्वी त्या खडीर बेटावर एक अख्खं शहर वसलं होतं. दोन्ही अंगांना मानसर आणि मनहर हे पावसाळी ओढे. त्यांचं पाणी बांध घालून वळवलं आणि शहराभोवती दगडात कोरलेल्या, बांधलेल्या मोठमोठ्या हौदांत साठवलं. जगतपती जोशींनी साठच्या दशकात ही जागा हुडकली, १९९० पासून रवींद्रसिंह बिष्टांनी वर्षानुवर्षं उत्खनन केलं, आणि २०२१ मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारसा म्हटलं. वेशीपाशी दहा मोठ्या अक्षरांची पाटी सापडली, ती आजवर कुणाला वाचता आलेली नाही. क्लासवाल्या सरांचं म्हणणं, ती पार्किंगची असावी. डॉक्टर तर धोळावीरेच्या दारातून परतले, कारण पाच वाजले होते आणि सूर्यास्ताचं रीळ राहिलं असतं.

डॉक्टरांचं खरं प्रकरण मात्र परत आल्यावर झालं, आणि त्यावरूनच सध्या सोसायटी पेटलीय. रणातून आलेल्या गाडीच्या पोटाला मीठ चिकटलेलं असतं. ते लवकर धुतलं नाही तर पत्रा गंजतो, म्हणून गाडी खालून भरपूर पाणी मारून धुवावी लागते. डॉक्टरांनी धुतली. सोसायटीच्या नळानं, पाइप लावून, रविवारी सकाळी, आणि नेमकं त्याच दिवशी जलवाहिनीच्या कामासाठी पाणी बंद होतं आणि टाकी होती तेवढ्यावर भागवायचं होतं. अकरा वाजता सातव्या मजल्याचे नळ कोरडे. तिथल्या काकू डोक्याला शिकेकाई लावून गॅलरीत आल्या आणि त्यांनी जे म्हटलं ते अजून इतिवृत्तात नोंदवलेलं नाही. खाली वाहून आलेल्या खारट पाण्यानं कुंडीतला मोगराही गेला. मोगरा सेक्रेटरींचा.

म्हणून यंदा समितीनं ठराव केलाय: रण, वाळवंट, समुद्रकिनारा अथवा तत्सम ठिकाणाहून परतणाऱ्या वाहनांनी बाहेरच्या गॅरेजातून धुऊन, पावती दाखवून मगच फाटकातून आत यावं. 'तत्सम' शब्दावर ए विंगनं हरकत घेतली, कारण त्यांच्या मते लडाखला मीठ नसतं. समोरच्या बांच्या मुलाचं वागळे इस्टेटमध्ये गॅरेज आहे, तो शेजारधर्म म्हणून फुकट धुऊन द्यायला तयार आहे.

पण चौथा मजला ऐकेल तर शपथ. काल संध्याकाळी नवा खोका आला. उच्च दाबाचं धुण्याचं यंत्र. वॉचमननं वाचून दाखवलं. त्याला वीज लागते, ती कॉमन मीटरवरून घ्यायची की घरून वायर सोडायची, यावर रविवारी साडेदहाला मीटिंग आहे. तुम्ही या नक्की. चहा आणि बटाटेवडे त्यांच्याकडून आहेत.